बाहेरून घुमट

फादर पहिल्यांदा माझ्या अमेरिकेतल्या, एडिसन गावच्या ऑफिसात आले, तेव्हा टेबलावरची बुद्धमूर्ती पाहून जरा थबकले. उंच माणूस, पांढरी दाढी, काळा पायघोळ झगा. खालच्या मिठाईच्या दुकानातली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे वळून वळून बघत होती म्हणे. पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या खाणगावात त्यांचं ऑर्थोडॉक्स चर्च होतं. कोळशाच्या खाणीत राबायला बाल्कनच्या डोंगरांतून जे लोक आले, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांचं. लाकडी चर्च कुजत चाललं होतं, नवं बांधायचं होतं, पण ते पणजोबांच्या खोऱ्यातल्या मध्ययुगीन मठासारखं हवं होतं. आधीच्या दोन आर्किटेक्टांनी त्यांना शाळेच्या जिमसारखे आराखडे दाखवले होते. मी तोवर देवळं, गुरुद्वारे, एक मशीद, असं सगळ्यांचं करून बसलेलो, म्हणून कुणीतरी त्यांना माझ्याकडे धाडलं.

तुम्ही बौद्ध, मग आमचं चर्च कशाला कराल, असं त्यांनी सरळच विचारलं. मी म्हटलं, मला मरण्यापूर्वी एक घुमट बांधायचा आहे, तो कुणाच्या डोक्यावर येतो याच्याशी मला कर्तव्य नाही. ते हसले आणि काम मला मिळालं.

ते मी थट्टेत बोललो नव्हतो. मी कॉलेजात असताना नागपूरला आमच्या स्तूपाचं काम चालू होतं. स्तूप म्हणजे भरीव, आत जायचं नसतं, एवढंच तोवर माहीत. हा मात्र आतून पोकळ होणार होता. मी अमेरिकेला निघालो तेव्हा तो अपुराच होता. पुढे पुरा झाल्यावर गेलो, आत उभा राहिलो आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच टाळी वाजवली. ती टाळी वर जाऊन, मोठी होऊन माझ्याकडे परत आली. इकडे येऊन मी काय बांधलं होतं तोवर? दुकानांच्या रांगा, दातांचे दवाखाने, बँकेच्या शाखा. आयुष्यभर सपाट छतं घातली. देवळं केली त्यांची शिखरं भारतातून तुकड्या-तुकड्यांनी कंटेनरमध्ये यायची, मी फक्त खालचा पाया सांभाळायचा. तेव्हा या कामावर माझा जीव किती होता ते सांगायला नको.

मोजमापं घ्यायला मी मूळ मठात गेलो, तेव्हा लेकीलाही नेलं. ती नुकतीच हायस्कूल संपवून बसली होती आणि पुढे काय शिकायचं याचा पत्ता नव्हता. रोज नवं खूळ. मठ डोंगराच्या कुशीत आहे. गोल तटबंदी, तटाच्या बुरुजातूनच दार, आणि आत गेलं की मधोमध एकटं उभं चर्च. तटाला लागून साधूंच्या खोल्या, आणि चर्चच्या पश्चिम दारासमोर भोजनशाळा, म्हणजे प्रार्थनेतून उठलं की सरळ जेवायला. मला आपली लेणी आठवली. विहारात हेच तर असतं, मध्ये मोकळी जागा आणि भोवती भिक्खूंच्या खोल्या. आपण डोंगर पोखरून केलं, यांनी दगड रचून केलं, पण एकट्या माणसांनी एकत्र कसं राहावं, याचं उत्तर दोघांना सारखंच सापडलं.

तिथल्या एका साधूने मोडक्या इंग्रजीत मठाची कथा सांगितली. ज्या राजाने तो बांधला, त्याने म्हातारपणी राज्य मुलाच्या हाती दिलं आणि इथेच साधू होऊन राहिला. भिंतीवर त्याचं चित्र आहे, दोन्ही हातांत चर्चची छोटी प्रतिकृती धरून तो ती देवाला देतो आहे. पुढे तुर्क आले. त्यांनी छपरावरचं शिसं काढून नेलं, बंदुकीच्या गोळ्या ओतायला. घंटा वाजवायला बंदी झाली, म्हणून साधू लांब लाकडी फळीवर हातोडी मारून प्रार्थनेला बोलवायला लागले. घंटा परत आल्या तरी फळी अजून वाजते. उघड्या छपरातून पाऊस आत आला, भिंतीवरचे संत पोपडे होऊन गळून पडले. साधू पळाले, मेंढपाळांनी आत मेंढ्या कोंडल्या. घुमट तडकला, पण पडला नाही. कैक पिढ्यांनी माणसं परतली, वर लाकडी फळ्यांचं छप्पर घातलं आणि पुन्हा दिवे लावले.

म्हातारपणी मुलाच्या हाती राज्य सोपवणं मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

त्या चर्चची सगळी करामत चौकोनावर गोल बसवण्यात आहे. चार खांब, चार कमानी. दोन कमानींच्या मधल्या कोपऱ्यातून एक त्रिकोण निघतो, वर जाता जाता रुंद होतो आणि आतल्या बाजूला झुकतो. असे चारही त्रिकोण वर एकमेकांना मिळाले की त्यांचं एक गोल कडं तयार होतं. कड्यावर खिडक्यांचा उभा गळा, आणि गळ्यावर घुमट. विटा पातळ, आणि दोन विटांमधला चुना विटेइतकाच जाड. मी पडलेला तुकडा बोटांनी चुरडून पाहिला, गुलाबी निघाला. विटेची भुकटी घातलेला चुना. आपली सुरखीच की! आठशे वर्षांपूर्वी त्यांच्या आणि आपल्या गवंड्यांना हे एकाच वेळी कुणी शिकवलं, कुणास ठाऊक.

घुमटात, अगदी माथ्यावर, ख्रिस्ताचा प्रचंड चेहरा रंगवलेला असतो. तो खाली बघतो आणि आपण वर. खिडक्यांच्या मधे प्रेषित, चार त्रिकोणांत चार शुभवर्तमानं लिहिणारे चौघे. घुमट हे त्यांचं आकाश आहे. आत घुमट नसेल तर त्या चेहऱ्याला बसायला जागाच राहत नाही. हे मी तिथे उभा राहून लेकीला समजावत होतो आणि ती ऐकत नव्हती. ती थेट फरशीवर उताणी झोपली होती. एक साधू कपाळाला आठ्या घालून बघत होता.

"बाबा, व्हाय डझंट इट फॉल?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "पडतोच आहे तो. प्रत्येक वीट पडायला बघते आणि शेजारची तिला पडू देत नाही."

ती बराच वेळ उठली नाही. परत आल्यावर तिने स्टेट कॉलेजला इंजिनिअरिंगला नाव घातलं, इमारती उभ्या कशा राहतात तेच शिकली आणि शिकून माझ्याच ऑफिसात आली. आमच्या ओळखीत सगळ्यांची पोरं घरापासून लांब पळत होती. माझी घरी आली. मी किती मिरवलो असेन ते माझ्या मित्रांना विचारा.

चर्चचं काम गोगलगाईच्या चालीने चाललं. चर्चमधल्या बायका दर शनिवारी कोबीच्या पानात खिमा-भात भरून रोल करायच्या आणि विकायच्या, त्यावर इमारत वर जायची. वर्षं गेली. अखेर पाया झाला, भिंती झाल्या, चार कमानी उभ्या राहिल्या. घुमट तेवढा उरला. आणि त्याच शरद ऋतूत ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात असताना माझ्या छातीत कळ आली.

बायपास झाला. घरी आलो तेव्हा माझी अवस्था फोडून परत शिवलेल्या गादीसारखी होती. जड उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही आणि डोक्याला ताप करून घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शेवटचं त्यांनी बायकोकडे बघून सांगितलं, कारण माझा तापट स्वभाव एव्हाना त्यांनाही कळला होता. काम लेकीने हातात घेतलं. मी म्हटलं, घे. पण घुमटाचं प्रत्येक ड्रॉइंग माझ्या डोळ्यांखालून गेलं पाहिजे. ती म्हणाली, "ऑफ कोर्स, बाबा."

आणि तिने ते पाळलं. दर आठवड्याला ती ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन यायची. मी उशांना टेकून लाल पेन्सिलने दुरुस्त्या करायचो. विटेचा थर कसा फिरवायचा, खिडकीवरची कमान कुठे सुरू करायची, तात्पुरता लाकडी साचा कधी काढायचा. कॉन्ट्रॅक्टरचे प्रश्नही ती आणायची. तो विचारतोय की चुन्याचा सांधा किती आत दाबायचा. तो विचारतोय, थंडीत चुना वाळला नाही तर काय करायचं. प्रश्न इतके चांगले असायचे की मी बायकोला म्हटलं, हा माणूस शिकतोय गं, पहिल्यांदा भेटला तेव्हा मला नुसता लाकूडतोड्या वाटला होता. ती म्हणाली, हो ना, आणि सूप पुढे केलं. सगळा हिवाळा असा गेला. बाहेर बर्फ आणि मी अंथरुणात विटा रचत होतो. खरं सांगायचं तर इतका सुखी मी वर्षानुवर्षं नव्हतो.

साइटवर जायचं म्हटलं की काही ना काही निघायचं. रस्ता निसरडा आहे. फादर गावाला गेलेत. तुमचं बीपी आज जरा जास्त आहे. वसंत आला, माझं फिरणं सुरू झालं, तेव्हा मी हट्टच धरला. लेक घेऊन निघाली. वाटेत ती फार बोलली नाही, मला वाटलं ट्रॅफिकमुळे.

गावात शिरताना टेकडीवर घुमट दिसला. तांब्याच्या रंगाचा, उन्हात झळाळणारा, वर क्रूस. मला रडू आलं, लाज वाटायचं कारण नाही. मी तिच्या खांद्यावर थोपटलं. तिने गाडी हळू केली पण माझ्याकडे बघितलं नाही.

फादर पायरीवर पाव आणि मीठ घेऊन उभे होते, ही त्यांची स्वागताची रीत. मी एक घास मोडला आणि काठी टेकत आत गेलो. चार खांब होते, चार कमानी होत्या. मधोमध जाऊन मी वर पाहिलं.

वर सपाट छत होतं. पांढरं, गुळगुळीत, त्यात बसवलेले गोल दिवे. दातांच्या दवाखान्यात असतं तसं. मीच असली शेकड्याने केली आहेत, मला ओळखायला वेळ लागला नाही. कमानी वर जात होत्या आणि छताला जाऊन थडकत होत्या. छताच्या मधोमध एका गोल चौकटीत कापडावर छापलेला ख्रिस्ताचा चेहरा चिकटवला होता. मला अजून वाटत होतं की हे तात्पुरतं असेल, रंगकामासाठी घातलेलं असेल. माणसाची अक्कल अशा वेळी फार सावकाश चालते.

मी बाहेर आलो. घुमटाच्या कवचाचा एक जादा तुकडा भिंतीला टेकून ठेवला होता. मी काठीने त्यावर टकटक केलं. प्लास्टिकच्या बादलीसारखा आवाज आला. फायबरग्लास. ट्रकवर घालून आणतात, क्रेनने ठेवतात, एका सकाळी काम संपतं.

"कधी बसवला हा?" मी विचारलं.

"डिसेंबरमध्ये," लेक म्हणाली.

डिसेंबरमध्ये मी खिडक्यांवरच्या कमानी दुरुस्त करत होतो. त्यानंतर जानेवारीत तिने मला चुना आणि थंडीबद्दल प्रश्न आणून दिला होता.

मग तिने सांगितलं. मी हॉस्पिटलात असताना कॉन्ट्रॅक्टरने जमिनीची पुन्हा तपासणी केली, तेव्हा एका कोपऱ्याखाली जुन्या खाणीची पोकळी निघाली. ती सिमेंटने भरली, भिंतींचं भागलं, पण वर विटांच्या घुमटाचं वजन टाकायची कुणाची छाती होईना. विमावाले नाही म्हणाले, कॉन्ट्रॅक्टर नाही म्हणाला. तिने स्वतः हिशेब करून पाहिला, तिलाही भरवसा वाटेना. चर्चच्या कमिटीने कॅटलॉगमधून हा घुमट निवडला, तो फक्त बाहेरून, आत सपाट छत. तुम्हाला सांगायचं नाही, असं आईने ठरवलं. फादरना सांगितलं, त्यांनीही मान डोलावली, आजारी माणसाच्या जिवापुढे काय, म्हणाले. म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या कोबीचे रोल करणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एक मी सोडून.

"आणि ते कॉन्ट्रॅक्टरचे प्रश्न?"

"ते माझे होते, बाबा. आई म्हणाली, त्यांना बिझी ठेव. तुम्ही ड्रॉइंग करताना इतके हॅपी असायचात... आय कुडन्ट स्टॉप."

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. मी आजूबाजूला पाहिलं, छताच्या जिप्सम बोर्डाचा एक तुटका तुकडा पडला होता, तो उचलला आणि खिशातल्या पेन्सिलीने त्यावर रेघा ओढल्या. कमानींवर लाकडी कडं. कड्यावर वाकवलेल्या लाकडी फासळ्या, उलट्या टोपलीसारख्या. आतून पातळ पट्ट्या, त्यावर गिलावा. वजन नावापुरतं. आतून पूर्ण गोल. वरून तांब्याचा पत्रा घाला नाहीतर तुमचा फायबरचा टोप घाला, मला काही म्हणायचं नव्हतं. एवढं काढायला मला फादरच्या पावाचा तो घास खायला लागला तेवढाही वेळ लागला नाही.

"मला विचारलं असतंस तर हे दिलं असतं," मी म्हटलं. "अंथरुणात पडल्या पडल्या दिलं असतं."

ती इंजिनिअर आहे. तिने तुकडा हातात घेतला आणि एका नजरेत तिला कळलं की हे उभं राहिलं असतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. छताच्या वर आता ते पेलणाऱ्या लोखंडी कैच्या बसल्या होत्या, वायरी गेल्या होत्या, एअर कंडिशनचे नळ गेले होते. बिशपांनी येऊन चर्च पवित्र करायचा दिवस ठरला होता. कोबी विकून विकून जमवलेलं सगळं त्या सपाट छतात गेलं होतं. आता काही होण्यासारखं नव्हतं, आणि हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

मला त्यांनी ताप होऊ नये म्हणून जपलं. आणि जपता जपता माझा घुमट घालवला. जे मला सांगितल्याने मी मेलो असतो असं त्यांना वाटलं, ते सांगितलं असतं तर मी घुमट वाचवला असता.

घरी आलो तर बायको दारातच उभी. लेकीने वाटेतून मेसेज केला असणार. मी बोलायच्या आतच ती म्हणाली, "तुम्ही जगावं म्हणून केलं."

"जगवलंत," मी म्हटलं, "आणि वेड्यात काढलंत."

त्यावर ती रडली. मी समजूत काढली नाही. तिची चूक नव्हती असं कुणी मला सांगू नये. तिचा हेतू वाईट नव्हता, एवढंच मी मान्य करतो. हेतू चांगला असला म्हणजे माणूस फसवला जात नाही असं थोडंच आहे!

ही आपली जुनी खोड आहे. आजाऱ्याला वाईट बातमी सांगायची नाही आणि परदेशातल्या माणसाला कुठलीच सांगायची नाही. चाळीस वर्षं नागपूरहून मला फोनवर 'सगळं ठीक आहे' ऐकू येत आलं. भावाचं ऑपरेशन होऊन टाके निघाल्यावर कळलं. बहिणीच्या घराला आग लागली ते नवा रंग दिल्यावर कळलं. मी चिडायचो, आणि मनात म्हणायचो, हे माझ्या घरात चालणार नाही, माझी मुलगी इथे जन्मली आहे. तीही तशीच होती. हॉटेलात डोसा गार आला तर परत पाठवणारी, माझ्या तोंडावर माझं ड्रॉइंग चुकलंय म्हणणारी. तिला धड मराठी वाचता येत नाही. पाढे येत नाहीत, वरणाला फोडणी देता येत नाही. आपल्याकडचं एवढं एक मात्र ती न शिकवता शिकली.

मठातल्या त्या राजाची मला आता वेगळीच आठवण येते. राज्य मुलाला देऊन तो खोलीत बसला असेल आणि मुलगा अधूनमधून येऊन सांगत असेल, सगळं ठीक चाललंय. शिसं जागेवर आहे, सीमा शाबूत आहेत. म्हाताऱ्याने ते खरं मानलं असेल आणि समाधानाने जपमाळ ओढली असेल.

चर्च पवित्र करायच्या दिवशी मी गेलो. फादरनी दोनदा फोन करून बोलावलं होतं आणि त्यांच्यावर राग धरून बसण्यात अर्थ नव्हता. त्यांच्यात वाद्य नसतं, फक्त गळा. जाड आवाजांची पुरुष मंडळी आणि मागे कोबीवाल्या बायका. सूर फार सुंदर होता. तो वर गेला आणि छताला लागून तिथेच राहिला, परत आला नाही. माझ्या शेजारी लेक उभी होती. सवयीने तिने मान वर केली, आणि लगेच खाली घातली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मागच्या महिन्यात माझी तपासणी झाली. हृदयाचे फोटो काढले, नळ्या लावल्या, चालवून पाहिलं. मी शर्टाची बटणं लावत होतो तेव्हा डॉक्टर बाहेर पॅसेजमध्ये लेकीशी बोलत होते. दाराच्या काचेतून मला तिची पाठ दिसत होती. ती मान हलवत होती. मग दार उघडून आत आली, हसत.

"ऑल गुड, बाबा," ती म्हणाली. "एव्हरीथिंग इज नॉर्मल."

मी म्हटलं, "खरं सांग."

"खरंच सांगतेय."

मी तिचा चेहरा नीट पाहिला. कुठे काही खुपत नव्हतं. तिने माझा कोट धरला, मी हात घातले, आम्ही पार्किंगपर्यंत चालत गेलो. गाडीत बसल्यावर ती पुन्हा म्हणाली, "बाबा, आय स्वेअर." मी बरं म्हटलं. बहुतेक ती खरंच सांगत होती. पण ते खरं आहे हे आता तिला मला पटवून देता येत नाही, आणि मला मानता येत नाही. तिने गाडी सुरू केली आणि आम्ही घरी आलो.